बाबाने चुकीचं बटण दाबलं तो आठवडा

माझा बाबा राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला दुसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा तो आमच्या स्वयंपाकघरात बसून पॅनकेक खात होता. आपण उभे राहिलोय हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं, तर आम्हाला कुठून असणार? उलट उभं राहायचं नाही हे घरात ईस्टरलाच ठरलं होतं. आईने मेंढीची तंगडी भट्टीतून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "हे खायच्या आधी मला उत्तर हवंय." बाबाने तंगडीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि म्हणाला, "नाही. नाही म्हणजे नाही, सिग्नी." मग आम्ही जेवलो. मी तर दोनदा वाढून घेतलं.

पहिल्यांदा काय झालं होतं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, हरतात माणसं.

माझा बाबा, स्टेनार, टीव्हीवर हवामान सांगायचा. वीस-बावीस वर्षं. सगळा देश त्याला ओळखायचा. वादळ येणार असेल तर तो अशा आवाजात सांगायचा की लोकांना वाटावं, येऊ दे बिचाऱ्याला, लांबून येतंय. मग चार वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणालं, स्टेनारसारखा माणूस राष्ट्राध्यक्ष व्हायला हवा, आणि सगळ्यांनाच ते पटलं. बाबालाही पटलं. त्याने सुटी टाकली, दोन सूट शिवले, देशभर फिरून लोकांच्या घरी कॉफी प्यायला. शेवटच्या आठवड्यात टीव्हीवर सगळे उमेदवार ओळीने उभे होते आणि कार्यक्रमाच्या निवेदिकेने त्याला विचारलं, संसदेने मंजूर केलेल्या कुठल्या कायद्यावर तू सही करायला नकार देशील? हा प्रश्न प्रत्येकाला विचारतातच. आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा त्याला तयार होती.

बाबा गप्प उभा राहिला.

खूप वेळ. म्हणजे घरी सोफ्यावर बसून आईने माझा हात दाबला, सोडला, परत दाबला, तरी तो गप्पच. मग तो म्हणाला, "उद्या वायव्येकडून वारा आहे."

लोक हसले. तो हसला नाही. तो तुकडा लोकांनी इतका फिरवला की ग्रीनलंडमधल्या सील प्राण्यांनीसुद्धा पाहिला असेल. मतं पडली ती सांगायच्या लायकीची नव्हती. त्यानंतर बाबा टीव्हीवर परत गेला नाही. हवामान खात्याने त्याला मागच्या खोलीतलं काम दिलं आणि त्या अख्ख्या हिवाळ्यात तो पोहायच्या तलावावर फिरकला नाही. आक्रानेसमध्ये, म्हणजे आमच्या गावात, माणूस तलावावर यायचा बंद झाला की लोक आधी डॉक्टरकडे चौकशी करतात आणि मग पाद्र्याकडे. बाबा घरात अंघोळ करायचा आणि भिंतीवरच्या वायुभारमापकासमोर खुर्ची टाकून बसायचा. आई ताट ठेवायची, आई ताट उचलायची. मी बारा वर्षांची होते. एकदा मी त्याला विचारलं, "बाबा, उद्या पाऊस आहे का?" तर तो म्हणाला, "मला काय विचारतेस?"

आणि शाळेत, कुणाला उत्तर आलं नाही की बाकीचे ओरडायचे, "स्टेनार झाला, स्टेनार झाला!" मास्तरही हसायचे, मग माझ्याकडे बघून खोकायचे. मी दोन वर्षं वर्गात हात वर केला नाही. उत्तर येत असलं तरी.

ते सगळं आता संपलंय, बरं का. या हिवाळ्यात मी नव्या शाळेच्या वादविवादाच्या संघात गेले. गेले म्हणजे मैत्रिणीने ढकललं. आणि काय सांगू, पहिल्याच फेरीत मी उभी राहिले आणि तोंडातून वाक्यं अशी निघाली की जणू कुणीतरी नळ उघडा टाकून बाहेरगावी गेलंय! फेब्रुवारीत मी सर्वोत्तम वक्ती ठरले. आमचा प्रशिक्षक म्हणतो, दागरून, तू भिंतीलासुद्धा पटवशील. आई म्हणते, आता हिला गप्प करायला तीन माणसं लागतील, आणि दोन कुठून आणू? मला एवढंच म्हणायचं होतं की, माझं बरं चाललं होतं. बाबाचंही बरं चाललं होतं. तो परत तलावावर जायला लागला होता. गरम पाण्याच्या टाकीत मानेपर्यंत बुडून म्हाताऱ्यांशी वाद घालायचा. मला तो तसाच हवा होता. वाफेत, लाल नाकाचा, कुणी मोठा नसलेला.

तर तो रविवार.

या वेळी बाबाचा पाठिंबा एलिनबोर्गला होता. ती निवृत्त न्यायाधीश आहे, शहाणी आहे, आणि बाबाने तिला शब्द दिला होता. उमेदवार व्हायचं तर दीड हजार मतदारांच्या शिफारशी लागतात, देशाच्या प्रत्येक भागातून ठरलेल्या इतक्या, आणि त्या हल्ली सरकारी संकेतस्थळावर देता येतात. बाबाने जेवणानंतर लॅपटॉप उघडला. एका हातात पॅनकेक, त्यातून रुबार्बचा जॅम गळतोय, चष्मा कपाळावर.

"चष्मा डोळ्यांवर लाव," आई म्हणाली.

"दिसतंय मला."

"जॅम पडतोय."

"दिसतंय म्हटलं ना."

त्याने फोनवरून आपली ओळख पटवली, कुठेतरी दाबलं, परत दाबलं, आणि म्हणाला, "झालं. एलिनबोर्गला एक शिफारस जास्त." आईने लॅपटॉप पुसला. एवढंच. मी तिथेच होते, मी बघितलं, त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण नंतर लोक काहीही बोलले.

दुपारी मी आणि बाबा तलावावर गेलो. अंग धुऊन, थंडीतून पळत, गरम टाकीत पाय टाकला तर तिथे बसलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाण्यात टाळ्या वाजवल्या की पाणी तोंडावर उडतं. माझ्या तोंडात गेलं.

"आलास एकदाचा पांघरुणाबाहेर!" कोल्फिन्ना म्हणाली. ती आमच्या गावची जुनी दातांची डॉक्टर. सगळ्यांच्या तोंडात तिने हात घातलेला आहे, त्यामुळे तिला कुणी उलट बोलत नाही. पांघरुणाचं असं की हजार वर्षांपूर्वी देशाचा धर्म कुठला हे ठरवायला एक माणूस कातडं पांघरून पडून राहिला होता. तेव्हापासून मोठा निर्णय लांबवणाऱ्याला आम्ही हेच म्हणतो.

"कसलं पांघरूण?" बाबा म्हणाला.

"ए, नाटकं करू नकोस. तुझं नाव आलंय यादीत. मी शिफारस करूनसुद्धा आले. हाल्फदानने पण केली."

हाल्फदान म्हणजे मासेमारी बोटीचा माजी कप्तान. तो म्हणाला, "मी तर बायकोच्या फोनवरून तिचीही केली. तिला अजून सांगितलं नाहीये."

बाबाने माझ्याकडे पाहिलं. मी बाबाकडे. मग मी ओली, स्विमसूटवर टॉवेल गुंडाळून, पुढच्या दालनापर्यंत धावले, कारण आत फोन चालत नाहीत. काउंटरवरच्या माणसाने मला त्याच्या स्क्रीनवर दाखवलं. 'शिफारशी गोळा करत असलेल्या व्यक्ती.' आणि तिथे माझा बाबा. एलिनबोर्गच्या बरोबर खाली. त्याने एलिनबोर्गला शिफारस दिलीच नव्हती. त्याने स्वतःसाठी शिफारशी गोळा करायला सुरुवात केली होती.

मी परत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकून झालंय! त्याने भलतंच बटण दाबलं. त्याला एलिनबोर्गला द्यायची होती."

टाकीत इतकं हसू उसळलं की शेजारच्या टाकीतले लोक माना उंच करून बघायला लागले. बाबाही हसला. हे पण मी पाहिलं. तो हसला, आणि मग हसता हसता त्याने विचारलं, "किती जणांनी केलीये म्हणालीस?"

मी म्हणाले नव्हतेच. मी तो आकडा बघितला होता आणि गिळला होता.

"शंभराच्या वर," काउंटरवरचा माणूस ओरडला. तो माझ्यामागून आला होता, बूट घालून, ओल्या फरशीवर, नियम मोडून.

बाबा पाण्यात आणखी थोडा खाली सरकला, हनुवटीपर्यंत.

"हे बघ स्टेनार," कोल्फिन्ना म्हणाली, "चुकून का होईना, बरं झालं. एकदा हरलेला माणूस लोकांना आवडतो. जिंकणाऱ्यांचा कंटाळा येतो."

"मागच्या वेळी तू कुणाला मत दिलं होतंस?" मी विचारलं.

"दुसऱ्याला," ती म्हणाली. "म्हणून तर या वेळी वाईट वाटतंय ना."

हाल्फदान म्हणाला, "आपल्या गावचा राष्ट्राध्यक्ष झाला तर बंदराच्या रस्त्यावरचा बर्फ तरी वेळेवर काढतील."

त्यांच्यातल्या एकालाही चार वर्षांपूर्वीचं आमचं स्वयंपाकघर माहीत नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण गरम पाण्याच्या टाकीत बसून, स्वतःच्या बाबासमोर, तो जेवायचा बंद झाला होता हे कसं सांगायचं? ते कुठल्याच वादविवादात शिकवत नाहीत.

घरी आल्यावर आई म्हणाली, "काढून टाक ते."

बाबाने लॅपटॉप उघडला. या वेळी चष्मा नीट लावून. सुरू करायचं बटण सगळ्यांना सापडावं असं मोठं होतं, आणि मागे घ्यायचं बटणच नव्हतं. निवडणूक कार्यालयात फोन करून सांगायला लागतं आणि कार्यालय रविवारी बंद.

"सोमवारी सकाळी पहिलं काम," बाबा म्हणाला.

सोमवारी मधल्या सुटीत मी फोन केला. "सांगितलंस का त्यांना?"

"लाईन लागत नाहीये. त्यांच्याकडे आज गर्दी आहे, मी एकटाच नाही असा."

हे खरं होतं. देशभरात बऱ्याच जणांनी तीच चूक केली होती! उत्तरेकडचा एक मेंढपाळ उमेदवार झाला होता, एका शाळेची मुख्याध्यापिका झाली होती, आणि सेल्फॉस गावातली एक केस कापणारी बाई गिऱ्हाईकाच्या डोक्याला रंग लावता लावता राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहिली होती. रेडिओवर तिची मुलाखत लागली. ती इतकी हसत होती की निवेदकालाही बोलता येईना. "मला फक्त माझ्या मामेभावाला मदत करायची होती हो," ती म्हणाली, "आता आई विचारतेय, त्या सरकारी बंगल्यातले पडदे कुठल्या रंगाचे करणार?" दुपारपर्यंत तिने नाव मागे घेतलं. मेंढपाळाने घेतलं. मुख्याध्यापिकेनेही घेतलं. संध्याकाळच्या बातम्यांत ते ऐकून आईने टेबलापलीकडून बाबाकडे बघितलं. बाबा रेडिओ ऐकत होता. सगळा देश हसत होता त्या गोष्टीवर, आणि ज्याच्याबरोबर ती घडली तो माझा बाबा जराही हसत नव्हता.

मंगळवारी तो म्हणाला, "दुपारी करतो फोन." दुपारी त्यालाच फोन येत होते. एक मच्छीमार संघटना, चर्चमधल्या बायका, कुणीतरी पूर्वेकडचा माणूस जो म्हणाला की माझ्या आजीला मरायच्या आधी तुझा आवाज परत टीव्हीवर ऐकायचाय. बाबा प्रत्येकाला सांगायचा, "अहो, खरं तर ही गफलत झाली," पण असं, की समोरच्याने "असू दे, असू दे" म्हणावं. समोरचे म्हणायचेच. शिफारशी वाढत होत्या. आमच्या पश्चिम भागातल्या तर केव्हाच पुऱ्या झाल्या. जेवताना बाबाने मांडीवर फोन ठेवला होता आणि अंगठा वर-खाली करत होता. आई म्हणाली, "मासा थंड होतोय." तो म्हणाला, "हो," आणि परत अंगठा.

आणि तो खात होता, बरं का! ताट पुसून. मी चार वर्षांत त्याला इतकं नीट बसलेलं पाहिलं नव्हतं. पाठ सरळ. याचीच मला जास्त भीती वाटली. पडलेल्या माणसाला सावरता येतं, ते मला जमतं. याचं काय करायचं, मला कळेना.

म्हणून मी जे मला येतं ते केलं. बुधवारी शाळेतून आल्यावर खोलीचं दार लावून भाषण तयार केलं, आणि संध्याकाळी बाबा आणि आई दोघं कॉफी घेऊन बसले तेव्हा त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मला बोलायचंय," मी म्हणाले. "मध्ये तोडायचं नाही."

"घड्याळ लावू का?" बाबा म्हणाला. त्याला वाटलं मी स्पर्धेचा सराव करतेय.

मी बोलले. देवा शपथ, इतकं चांगलं मी कधीच बोललेले नाही. मी म्हणाले, लोक शिफारस करतायत ती एका बोटाने करतायत आणि मत देताना दुसऱ्यालाच देतील, कोल्फिन्नाने दिलं तसं. म्हणाले की तू एलिनबोर्गला शब्द दिलायस आणि तिचीच मतं खाशील. म्हणाले की राष्ट्राध्यक्ष व्हायला तुला काय करायचंय हे तू अजून एकदाही सांगितलेलं नाहीस, ना तेव्हा ना आता. आणि मग मी त्या हिवाळ्याचा विषय काढला. ताटांचा काढला, खुर्चीचा काढला. 'स्टेनार झाला' हेही सांगितलं, जे मी घरी कधीच सांगितलं नव्हतं. माझा आवाज एकदाच हलला आणि तो मी परत जागेवर आणला. शेवटी म्हणाले, "बाबा, तू हरशील. आणि तू हरलास की आम्ही तिघंही हरतो. फोन कर."

आई खिडकीकडे बघत होती. बाबाने कप खाली ठेवला.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"काय बरोबर आहे?"

"सगळं. एकही मुद्दा खोडता येणार नाही. काय बोलतेस गं तू!" त्याचे डोळे भरले होते, अभिमानाने, माझ्या भाषणाच्या! "ते शाळेतलं मला माहीत नव्हतं. माफ कर मला."

"मग करतोस ना फोन?"

तो उठला. वायुभारमापकाजवळ गेला, काचेवर टिचकी मारली, परत आला.

"दागरून, त्या रात्री मला उत्तर येत होतं."

"कुठलं उत्तर?"

"तिने विचारलं त्याचं. कुठल्या कायद्यावर सही करणार नाही. मला येत होतं. पाठ नव्हतं, म्हणजे खरंच येत होतं. आणि तोंड उघडलं तर ते नव्हतंच तिथे. घरी गाडीत बसलो आणि लगेच आलं, अख्खंच्या अख्खं. तेव्हापासून आहे. चार वर्षं रोज."

"सांग मग," आई म्हणाली. इतक्या हळू की आधी मला कळलंच नाही ती बोलली.

आणि त्याने सांगितलं. तिथे, फ्रीजला टेकून. आपल्या मासे पकडायच्या पाण्याबद्दल बोलला, नद्यांबद्दल बोलला. कायदा जेव्हा पुढच्या पिढीकडून असं काही घेतो जे तिला परत मिळवता येणार नाही, तेव्हा मी तो आधी लोकांसमोर मांडीन, असं म्हणाला. एकदाही अडखळला नाही. त्याचा तो आवाज, वादळाचीसुद्धा कीव यावी असा. संपल्यावर त्याने आमच्याकडे असं बघितलं जसं मी परीक्षकांकडे बघते.

चांगलं उत्तर होतं. खरंच चांगलं. पण मी त्या वर्षीची बाकीच्या उमेदवारांची उत्तरं सगळी ऐकलेली आहेत, संघात जायच्या आधी शंभर वेळा ऐकलीयेत, आणि त्यांतल्या तिघांनी साधारण हेच सांगितलं होतं. आणि या वेळी त्याला हे कुणी विचारणारच नाही. या वेळी त्याला विचारतील की मागच्या वेळी तू गप्प का राहिलास. ते उत्तर त्याच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

मी म्हणाले, "बाबा, तो प्रश्न परत नाही येणार."

"येईल गं," तो म्हणाला. "तो प्रत्येकाला विचारतातच."

यावर भिंतीला पटवणारी मी काय म्हणणार? माझ्याकडे अजून दहा मुद्दे होते, पण ते सगळे चुकीचं मत खोडून काढायला होते. त्याचं मत चुकीचं नव्हतंच. त्याला सगळं मान्य होतं आणि तरीही तो निघाला होता. आणि माझं वय सोळा. मला त्याच्या विरोधात मतसुद्धा देता येत नाही.

त्याने फोन उचलला. कार्यालयाला नाही, एलिनबोर्गला. "जरा दार लावून घे," तो मला म्हणाला, "बाईंशी नीट बोलायला हवं." मी दार लावलं. बाहेर पॅसेजमध्ये आईसोबत उभी राहिले. आतून त्याचा आवाज येत होता, शब्द नाहीत, नुसता चढ-उतार. मध्येच बराच वेळ थांबला. तिकडून ती बोलत असणार.

"आई, तू काहीतरी कर."

"काय करू?"

"सोडून जाईन म्हण. आजारी पड. काहीही!"

"मागच्या वेळी म्हटलं होतं," आई म्हणाली. "सोडून जाईन म्हणून."

हे मला माहीत नव्हतं.

गुरुवारी आमच्याकडचा उन्हाळ्याच्या पहिल्या दिवसाचा सण, म्हणजे अर्थातच बर्फ पडत होता. सुटी असल्यामुळे सगळी कार्यालयं बंद, आता फोन करायचा म्हटलं तरी करता आला नसता. खाली रस्त्यावरून बालवीरांची मिरवणूक गेली. ढोलवाल्याच्या टोपीवर पांढरा थर. शिफारशी पुऱ्या झाल्याचं सकाळी रेडिओवर सांगितलं आणि राजधानीतून, रेक्याविकहून, टीव्हीवाले निघाले. बाबा बाथरूममध्ये गुणगुणत दाढी करत होता. मी स्वयंपाकघरात गेले तर आई इस्त्री करत होती. बाबाचा निळा शर्ट.

"आई, तू पण?"

"मग काय चुरगळलेल्या शर्टात पाठवू त्याला?" ती म्हणाली. कॉलर उलटी केली, पाणी शिंपडलं. "ती दुसरी बाही धर. सरळ. अशी नाही, शिवणीवर शिवण."

मी बाही धरली. कापड गरम होतं. तिने दोनदा इस्त्री फिरवली, एकही वळी नव्हती तरी तिसऱ्यांदा फिरवली.

खाली गाडीचं दार वाजलं. मग जिन्यावर पावलं, वजनदार काहीतरी भिंतीला घासल्याचा आवाज, आणि बाथरूममधून बाबाचा, "दागरून, बघ गं, आले का ते?"

मी दार उघडलं. तिघं होते, खांद्यांवर बर्फ, पुढची बाई हसतमुख, हात पुढे केलेला. मी तो हातात घेतला आणि म्हणाले, "या. बूट इथेच काढा." ते एका पायावर उभे राहून, माझ्या खांद्याचा आधार घेत, बूट काढायला लागले, आणि मी त्यांना धरून उभी राहिले, एकेकाला, पडू नयेत म्हणून.